खुर्ची क्रमांक त्र्याहत्तर

शुक्रवार, १४ मार्च १९८६. सकाळचे साडेदहा. सभागृहात खुर्च्या एकशे वीस, माणसे एकशे पाच. हे आकडे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्यांची गरज पडणार आहे.

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी, घडीची खुर्ची आहे. माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगात ७३ असे लिहिले आहे. सात अजून वाचता येतो. तीन अर्धा उडाला आहे.

आमच्या गावात दोन प्रकारचे लोक राहतात. टेकडीच्या पायथ्याशी पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेले ते ‘आधीचे’, आणि रस्ता झाल्यावर येऊन वसलेले ते ‘नंतरचे’. शाळा, सभागृह, तंत्रशाळा हे सारे नंतरच्यांनी उभारले; विटा वाहिल्या आधीच्यांनी. माझा जन्म त्या तंत्रशाळेच्या कार्यशाळेत झाला. नळी वाकवून पाय केले, बसायला लाकडाच्या पाच पट्ट्या ठोकल्या आणि सांध्यांना चार रिवेट मारले. मला जोडणारा वेल्डर आधीच्यांपैकी होता. भार सोसते की नाही हे पाहण्यासाठी तो एक मिनिट माझ्यावर बसला. मग उठला, पट्ट्या फडक्याने पुसल्या आणि मला ओळीत लावले.

पुढची वर्षे कामात गेली. परीक्षा, लसीकरण, निरोपसमारंभ. हेडमास्तर एकदा म्हणाले, “या खुर्च्या हत्ती बसला तरी मोडायच्या नाहीत.” माझी तेवढीच स्तुती झाली. पहिली अकरा वर्षे खुर्च्या फक्त नंतरच्यांसाठी होत्या. दाराशी तशी पाटीच होती. एका सकाळी शिपायाने चार स्क्रू काढून पाटी उतरवली. भिंतीवर तिच्या आकाराचा फिकट चौकोन राहिला. तरी आधीचे खालीच बसत. नंतरचे म्हणत, “त्यांना खालीच बरं वाटतं.” कारण कोणी विचारले नाही.

आता त्या शुक्रवारकडे येते. टेकडीच्या पूर्वेच्या उतारावर दगडाची खाण काढायची होती. त्या उतारावर आधीच्यांची माणसे पुरलेली आहेत. नियम असा होता, की सुनावणीत एक जरी हरकत नोंदली गेली, तरी काम थांबवून उताराची फेरतपासणी करायची. एक पुरे होती.

नंतरचे चौसष्ट जण खुर्च्यांवर बसले. आधीचे एकेचाळीस जण समोरच्या मोकळ्या फरशीवर बसले. मी पहिल्या ओळीच्या टोकाला होते, रिकामी. कारकुनाच्या हातात छापील तक्ता होता. ज्या खुर्चीवर माणूस, तिच्या क्रमांकापुढे खूण करायची. हरकतीच्या रकान्यातही पहिले घर खुर्ची क्रमांकाचेच होते.

एक म्हातारी उभी न राहता, बसल्या जागेवरून बोलू लागली. ती वेल्डरची थोरली बहीण. आई कुठल्या झाडाखाली आहे, दोन लेकरे कुठल्या दगडापाशी आहेत, हे तिने एकेक करून सांगितले. अठरा मिनिटे. तोवर कारकुनाची पेन्सिल तक्त्यावर आडवी पडून होती. तिचे झाल्यावर त्याने पेन्सिल उचलली.

“आजी, खुर्ची क्रमांक?”

“मी खाली बसलेय की रे बाबा.”

“खालीला क्रमांक नाही. बसा ना वर, पुष्कळ मोकळ्या आहेत. चावत नाही खुर्ची.”

“चावत नाही, माहीत आहे. माझ्याच भावानं केल्यात. पण जमिनीचं बोलणं जमिनीला टेकून करायचं असतं. उंचावरून बोललेलं आम्ही धरत नाही.”

“अहो, ही फरशी आहे. जमीन कुठंय इथं?”

“मग फरशीखाली काय आहे?”

मागच्या ओळीत हशा पिकला. कारकूनही हसला. तो वाईट माणूस नव्हता. पण तक्त्यात फरशीचे घर नव्हते.

तेव्हा वेल्डर उठला. तोवर त्याचे केस पांढरे झाले होते. तो बहिणीकडे वाकून म्हणाला, “ताई, हे खुर्च्याच मोजतात गं. एक तरी हरकत नोंदू दे.” आणि तो येऊन माझ्यावर बसला. पाटी होती ती अकरा वर्षे, उतरल्यावरची नऊ, अशा वीस वर्षांनी. वजन मी लगेच ओळखले.

कारकुनाने ७३ पुढे खूण केली. “हां, क्रमांक त्र्याहत्तर. बोला, काय हरकत?”

वेल्डरने तोंड उघडले. समोर त्याची चाळीस माणसे त्याच्याकडे पाहत होती. बहीण रागावली नव्हती. तिने फक्त शेजारच्या फरशीवर तळहात ठेवला, धाकट्यासाठी जागा धरावी तसा. तो माझ्यावरून बोलला असता, तर तक्त्यात ते नोंदले गेले असते. पण त्याच्या माणसांत ते बोलणे झालेच नसते, आणि आईविषयी तसे बोलणे त्याच्याने होईना.

तो उतरला. माझ्या पट्ट्या त्याने हातानेच पुसल्या. बहिणीशेजारी बसून त्याने सगळे सांगितले, स्पष्ट, सावकाश.

कारकून माझ्याकडे पाहत होता. “त्र्याहत्तर रिकामी,” असे तो स्वतःशीच म्हणाला आणि आधीची खूण तशीच ठेवून त्याने तक्त्याखाली रेघ मारली.

आता मी सभागृहामागच्या खोलीत, घडी घालून, भिंतीला टेकून आहे. एक रिवेट सैल आहे. खाण सुरू असते तेव्हा भिंत थरथरते आणि माझ्यावर पांढरी धूळ बसते. मला काही वाटते का, असे कोणी विचारले तर सांगता येणार नाही. लोखंड आहे.

मित्रांनो, मला रंग लावा, तेल द्या, असे मी म्हणत नाही. उद्या तुमच्या हाती एखादा तक्ता येईल. त्यावर खुणा करण्यापूर्वी एकदा फरशीकडे पाहा. त्या दिवशीचा तक्ता कपाटात आहे. त्यावर शेवटी लिहिले आहे : एकूण हजर, पासष्ट. हरकती, शून्य.