एकटीची कॉफी

रऊफचं मला काहीही बघवत नाही. त्याचं चित्र तर नाहीच नाही. आम्ही दोघं त्रिपोलीच्या एकाच शाळेत चित्रकला शिकवतो, पण कौतुक सगळं त्याचं. यंदाच्या प्रदर्शनात त्याला समोरची मोठी भिंत, आणि माझ्या बंदराच्या चित्राला संडासाकडे जाणारा बोळ! आणि या दिवट्यानं काढलंय काय? एक रकवे. आपली घरातली, कॉफी उकळायची, लांब दांड्याची, तांब्याची. बाकी काही नाही. तरी लोक तिथून हलायला तयार नाहीत.

मी गेलो तो खोट काढायलाच. आणि सापडली की! दांडा उजव्या हाती धरला तर ओतायची चोच डावीकडे हवी. यानं ती उजवीकडे काढलेली.

"काय उस्ताद," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "आता पाहुण्यांना डाव्या हातानं कॉफी पाजणार वाटतं?"

आमच्याकडे पाहुण्याला डाव्या हातानं पाणीसुद्धा देत नाहीत. हशा पिकला. रऊफ खाली बघत राहिला. मला कोण आनंद झाला!

"चोच बरोबर आहे," मागून आवाज आला. माझी बायको, नुहाद. "ती रकवे माझी आहे."



"तुझी? अगं, आपल्या घरात असली नाहीच!"

"आहे. मी डावखुरी, म्हणून बाबांनी लग्नात खास घडवून दिलेली. तुम्हीच म्हणालात, चारचौघांत लाज काढशील, आत ठेव. ठेवली. मागच्या महिन्यात कल्हईला टाकली होती, तिथं रऊफभाईंनी पाहिली आणि आठ दिवस मागून घेतली."

"मला विचारायचं तरी!"

"अहो, एकोणीस वर्षं रोज वापरतेय मी ती. तुम्हाला ती घरात आहे हेसुद्धा आठवत नाही. काय विचारू?"

मी चित्राकडे वळलो, निदान तिच्याकडे बघावं लागू नये म्हणून. रकवे जेमतेम एका कपाची होती. दांड्यावर अंगठ्याएवढी जागा घासून उजळलेली. खालच्या चिठ्ठीवर रऊफनं चित्राचं नाव लिहिलं होतं, 'एकटीची कॉफी'.

आमच्या स्वयंपाकघरात पाऊलही न टाकता मेल्यानं हे ओळखलं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भिंत त्याला मिळाली, लोक त्याला मिळाले, तेवढं मी कसंबसं गिळलं असतं. पण बायको माझी, आणि दिसली ती रऊफला.