मला दगड म्हणतात

आधीच माफी मागतो. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल आणि शब्दही साधेच आहेत. माझं बोलणं प्रफुल्लने लिहून घेतलंय आणि त्याची शाळा लवकर सुटली.

मी हाडाचं एक कवच बोलतोय. फार फार पूर्वी चंद्रपूरकडे लांब मानेचे डायनासोर फिरायचे. त्यांतल्या एकाच्या पाठीच्या कातडीत मी वाढलो. इतर हाडं आत सुखाने राहायची. मी मात्र बाहेर, दात आणि नखं झेलायला. ताटलीएवढा, वरून खडबडीत, आतून खोलगट. तो प्राणी गेला आणि मी मातीत दगडासारखा होऊन पडलो.

पुढे ज्यांच्या घरी मी राहिलो, त्या दादारावांच्या वडिलांच्या नांगराला मी लागलो. त्याच शेतात डायनासोरचं एक अंडंही निघालं, दगड झालेलं. नारळाएवढं, गोल, गुळगुळीत. गावात आलेल्या एका प्राध्यापकांनी ते ओळखलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

दादारावांना दिल्लीत सरकारी नोकरी लागली, तेव्हा आम्ही दोघं एकाच पेटीतून तिथल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी घरात आलो. अंडं काचेच्या कपाटात, बुद्धमूर्तीच्या खालच्या कप्प्यात. मी गच्चीवर. दादारावांच्या पत्नी चंदाबाई तिथे कुरडया वाळत घालायच्या. साडीच्या चार टोकांना चार दगड, त्यांतला एक मी. आंधी आली की साडी धरून ठेवायचो. माकडं माझ्यावरच बसून कुरडया खायची. खाली पाहुणे अंड्याला हात लावू का म्हणून विचारायचे. माझा जळफळाट व्हायचा. खरं सांगतो, ते पडून फुटावं असंही वाटायचं. त्याने केलं तरी काय? त्यातून पिल्लूसुद्धा निघालं नाही.

यंदा दिल्लीतल्याच द्वारकेच्या फ्लॅटमध्ये जायचं ठरलं. या जुन्या इमारती पाडणार आहेत. तिकडे गच्ची आपली नाही, मग वाळवणाचे दगड कशाला न्यायचे, असं चंदाबाई म्हणाल्या.

"वाळवण म्हणजे?" त्यांच्या मुलीने, लुंबिनीने विचारलं. मग मला उचलून म्हणाली, "पापा, अंड्याला बबल रॅप, और ये बेचारा यहीं?"

"तो दगड आहे बेटा," दादाराव म्हणाले. झालं. मी मलब्यात जाणार होतो.

संध्याकाळी अंडं खोक्यात स्थिर राहीना. कितीही कागद कोंबले तरी हलायचं. दादारावांचा भाचा प्रफुल्ल फारसा बोलत नाही. तो गच्चीवर गेला, मला घेऊन आला आणि अंड्यावर पालथा घातला. हलायचं थांबलं.

"टोपी घातलीस होय रे त्याला?" चंदाबाई हसल्या.

मी आत चिडून बसलो. इतकी वर्षं ज्याचा हेवा केला, त्यालाच सांभाळायचं. पण अंग आपोआप घट्ट झालं. जुनी सवय.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रफुल्लने ते खोकं ट्रकमध्ये ठेवू दिलं नाही. मांडीवर घेऊन तो मेट्रोने द्वारकेला निघाला. वाटेत दादारावांचा फोन आला, अंडं नीट आहे ना?

प्रफुल्लने खोक्यावर हात ठेवला.

"हो मामा. वरून कवच आहे."