हिरवा ट्रेलर खुंटीच्या दारात

आमच्या मिस्त्रींनी लष्कराचा जुना ट्रेलर घरी आणला, तेव्हा मला वाटलं, आता हे लढाईवर निघाले. नवऱ्याला मिस्त्री म्हणणं बरं दिसत नाही, असं माझी जाऊ म्हणते. पण अख्खी गल्ली त्यांना मिस्त्री म्हणते, आणि मी काही गल्लीबाहेरची नाही.

लष्कराने मोडीत काढलेल्या सामानाचा लिलाव होता. मिस्त्री गेले होते लाकडी खोकी बघायला आणि आले ते ट्रेलर घेऊन. दोन चाकांचा, तळ माझ्या कमरेइतका उंच, वर लोखंडी कमानी आणि त्यावर फाटकी ताडपत्री. हिरव्या रंगाचे एकावर एक इतके थर, की नखाने खरवडलं तर खाली पुन्हा हिरवाच. मी चारी बाजूंनी फिरून बघितलं.

"ह्यात काय भरणार?" मी विचारलं.

"आपल्याला."

"मी गेल्यावर न्या मला ह्यातून. जिवंतपणी नको."

"अगं, ह्याची झोपायची खोली करतो. लोक करतात तशी. कॅम्पिंगला जातात."

हातातली कात्री मी खाली ठेवली. हा माणूस शेजारच्या गावात गेला तरी रात्री आपल्या उशीवर परत येणारा. ह्याला कसलं आलंय कॅम्पिंग? मिस्त्री ट्रेलरच्या चाकाकडे बघत होते. चाकाकडेच बघत म्हणाले, "खुंटीच्या दारासमोर उभा करू. झोपायचं आपल्याच खोलीत. शब्दही राहील."

खुंटी म्हणजे आमची एकुलती एक लेक. लहानपणी बापाच्या कारखान्यात जिथे उभी राही तिथून हलत नसे, म्हणून हे नाव पडलं. पेन्सिलीच्या आधी ती रंधा धरायला शिकली. मिस्त्रींनी तर मनातल्या मनात कारखान्याची पाटीसुद्धा बदलून टाकली होती. आणि एका सकाळी तिने सांगितलं, की पूल बांधणाऱ्या कंपनीत नोकरी लागली आहे, शहर लांब आहे, आणि जन्मभर कपाटं करायची तिची इच्छा नाही. मिस्त्री तेव्हा तोंडात खिळे धरून फळी ठोकत होते. तसेच काहीतरी पुटपुटले. तेवढ्यावर थांबले असते, तर कुणाला काही कळलंही नसतं. पण नाही. एकेक खिळा काढून टेबलावर ठेवला आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "जा. पण तुझ्या घरात मी एक रात्र काढणार नाही."

खाण तशी माती. तीही म्हणाली, "मी बोलावणारही नाही."

दुसरा कुणी असता तर राग निवळल्यावर शब्दही विसरला असता. आमच्याकडे शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. अमुक दिवशी कपाट देतो म्हटलं, की त्या दिवशी कपाट गिऱ्हाइकाच्या दारात. ह्याच गुणावर मी भाळले होते, आणि ह्याच गुणाने माझ्या घराचे दोन तुकडे केले. खुंटीच्या लग्नालाही हे गेले, सही केली, जेवले आणि लेकीशी एक शब्द न बोलता संध्याकाळच्या गाडीने परत आले.

मी एकटीच जायची तिच्याकडे. तिने दार उघडलं, की आधी ती माझ्या मागे बघायची. मग मला मिठी मारायची. ते मागे बघणं माझ्या फार जिव्हारी लागायचं. घरी आल्यावर मिस्त्री विचारायचे, "बरी आहे ना?" मी म्हणायचे, "जाऊन बघा." तिथे विषय संपायचा.

आता तिला दिवस गेले होते. मिस्त्रींना वाटत होतं, बाळंतपणाला ती घरी येईल आणि गाठ आपोआप सुटेल. पण डॉक्टरांनी तिचा प्रवासच बंद केला. तो फोन आल्यावर मिस्त्री कारखान्यात दिवा न लावता बसून राहिले होते. त्यानंतर हा लिलाव. सगळं माझ्या लक्षात आलं, आणि मला आधी हसू आलं, मग रडू. हट्ट सोडायचा नाही म्हणून हा माणूस चाकावर घर बांधायला निघाला होता.

"बरं," मी म्हणाले, "कुठून सुरुवात करायची?"

सुरुवात केली बोल्टने. बोल्ट म्हणजे कोपऱ्यावरचा गॅरेजवाला, उंचीने आखूड आणि डोक्यावर सपाट. लष्करी ट्रेलरला पुढे जाडजूड लोखंडी कडं असतं, ते ट्रकच्या आकड्यात अडकवतात. आमच्या छोट्या गाडीमागे ओढायचा साधा लोखंडी गोळा. बोल्टने कडं कापून गोळ्यावर बसेल अशी जोडणी लावली, मागचे दिवे जोडले, चाकांना वंगण दिलं. मग खाली वाकून चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे ठोकून बघितले.

"मिस्त्री, हे पाटे दारूगोळ्यासाठी केलेत. तुम्ही दोघं आत झोपलात तर त्यांना पत्ताही लागणार नाही."

"तू मला नीट बघितलेलं दिसत नाहीस," मी म्हणाले.

छप्पर माझ्याकडे आलं. मी ताडपत्र्या, दुकानांपुढची कापडी छतं आणि गाड्यांची सीटकव्हरं शिवते, त्यामुळे जाड कापडाला मी भीत नाही. कमानींवर नवं छप्पर चढवलं, दोन्ही बाजूंना जाळीच्या खिडक्या, त्यांवर गुंडाळता येणारे पडदे, आणि प्रत्येक शिवणीला मेणाचा दोरा दुहेरी. वर बादलीभर पाणी ओतलं. आत थेंब नाही. मी स्वतःची पाठ थोपटून घेतली, कारण दुसरं कुणी थोपटणार नव्हतं.

आतलं काम मिस्त्रींचं, आणि घोळ झाला तो तिथे. पलंग भरीव लाकडाचा. पलंगाखाली सहा खण, खिळा न मारता खाचेत खाच बसवलेले. मागचा फळका पाडला की सरकत बाहेर येणारा ओटा. प्रत्येक कपाला वेगळं घर असलेलं छोटं कपाट, आणि त्या कपाटाला कुलूप. कप कोण चोरणार होतं देव जाणे. गल्लीतली माणसं बघायला यायची, खण उघडून बंद करायची आणि माना डोलवायची. जाऊ म्हणाली, "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला." पण तीही पलंगावर आडवी होऊन बघून गेली.

मग चाचणीचा दिवस उजाडला. ट्रेलर गाडीला जोडला, आणि गाडीचं बूड खाली बसलं, नाक वर गेलं. समोरचे दिवे दुसऱ्या मजल्यावरच्या बाईच्या खिडकीत. मिस्त्रींनी गाडी हाणली. गल्लीच्या टोकाला थोडासा चढ आहे, तिथवर ती कण्हत गेली, थांबली आणि मागे यायला लागली. बोल्टने धावत जाऊन चाकाखाली दगड सारला म्हणून बरं. गाडीतून जळका वास येत होता. ट्रेलरला मात्र काहीही झालं नव्हतं.

बोल्टने एक खण बाहेर ओढून हातात तोलला. "मिस्त्री, हा पलंग किती पिढ्यांसाठी केलाय?"

"लाकूड आहे. टिकायला नको?"

"टिकायला हवं, पण जायला पण हवं ना."

जन्मभर कपाटं केलेल्या माणसाकडूनच ही चूक होऊ शकते. कपाट एकदा भिंतीला टेकलं की टेकलं. त्याला चढ चढावा लागत नाही.

मिस्त्री पलंगाच्या कडेवर बसले. "नाही जमत मग," म्हणाले. "माझं काम हे असंच. तू जा गाडीने. मी फोन करेन तिला."

माझा संताप संताप झाला. इतके दिवस दोऱ्याने बोटं कापून घेतली ती काय फोन करण्यासाठी? "अहो, तिकडे तुमची लेक दिवस मोजतेय, आणि तुम्हाला फळीची जाडी सुटत नाही? शब्द धरून बसलात, ते मी सोसलं. आता लाकूडही धरून बसणार? उठा तिथून!" मी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि पहिला खण काढायला लागले. मिस्त्रींनी थोडा वेळ बघितलं, स्वतःचा दात उपटला जात असल्यासारखं तोंड करून. मग माझा हात धरला.

"अशी ओढू नकोस. खाच तुटेल," म्हणाले आणि स्वतः काढू लागले.

खण गेले, कपाट गेलं, कुलूप गेलं. पलंगाला पातळ प्लाय आला. खणांच्या जागी मी जाड कापडाचे खिसे शिवून टांगले. लाकडाचं काम कापडाने भागलं, हे मिस्त्रींनी आजवर कबूल केलेलं नाही. पण गाडीने तो चढ हसत चढला.

खुंटीच्या गल्लीत पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मी दार वाजवलं. ती आली, पोट सांभाळत, आणि सवयीने तिची नजर माझ्या मागे गेली. ह्या खेपेला मागे माणूस होता. तो वाकून चाकाखाली विटा सारत होता आणि वर बघायला तयार नव्हता.

"चाक सरळ आहे का बघ गं," मिस्त्री म्हणाले. इतक्या वर्षांनी लेकीशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

खुंटीने मान तिरकी केली. "डावीकडे थोडं, बाबा."

त्यांनी थोडं डावीकडे घेतलं. मी पदराने डोळे पुसले, कारण त्या दोघांपैकी कुणी पुसणार नव्हतं.

जेवण घरातच झालं. शब्द रात्रीपुरता होता, जेवणाला हरकत नव्हती. जावयांनी सूप केलं होतं. मिस्त्रींनी ते दोनदा घेतलं. मग खुंटी म्हणाली, "दाखवा तुमची खोली." स्टुलावर पाय देऊन ती हळूहळू वर चढली. पडदे वर-खाली केले, सांध्यांवरून अंगठा फिरवला.

"बाबा, तुम्ही आणि प्लाय?"

"तुझ्या आईची करणी."

ती हसली. "जरा पाठ टेकते," म्हणाली, आणि कुशीवर वळली. बघता बघता तिचा श्वास संथ झाला.

जावई खाली उभे होते. हळूच म्हणाले, "बरेच दिवस अशी झोप लागली नाही तिला. पाठ फार दुखते." मी तिच्या शेजारी आडवी झाले. पलंग दोघांचाच. मिस्त्री उशी काखेत मारून बाहेर उभे. गाडीच्या मागच्या सीटवर स्टोव्ह, भांडी आणि गाद्यांचा ढीग होता.

"घरात जा," मी कुजबुजले.

"मी शब्द दिलाय."

"मग उठवा तिला."

त्यांनी लेकीकडे बघितलं. तिचे सुजलेले पाय चादरीबाहेर आले होते. मिस्त्रींनी हात लांब करून ते झाकले, चादर दोन्ही बाजूंनी नीट खोचली. सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही, असा माणूस तो. मला वाटलं, आता हा रात्रभर इथेच उभा राहणार.

"बाबा, या," जावई घराचं दार धरून म्हणाले.

मिस्त्रींनी चपला काढल्या. आत गेले. दार लागलं.

शेजारून अगदी बारीक आवाज आला. खुंटीचे डोळे मिटलेलेच होते.

"गेले?"

"गेले," मी म्हणाले.

खुंटीने माझा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला, आणि मग खरोखरच झोपली.