लेंड्यांची वाटणी

"त्या लेंड्यांत निम्म्या माज्या हायत!"

ता रून कुंपणाच्या अलीकडून असा ओरडला, तेव्हा यिय न्हिम माडाखालची जाळी झाडत होती, आणि आम्ही शेजारीपाजारी हातातली कामं टाकून कुंपणाशी कधीच जमलो होतो. ता रूनचा आवाजच तसला. त्यानं घरात बायकोकडं मीठ मागितलं की मेकाँगच्या पलीकडची माणसं मीठ घेऊन होडीत बसायची.

यिय न्हिम म्हातारी, एकटी, वाळल्या शेंगेसारखी. परसात तिचे तीन माड. त्यांच्या शेंड्याखाली ताडाची सुकी पानं बांधलेली आणि त्या पानांत वटवाघळं, ही दाटी. खाली कमरेइतक्या उंचीवर जाळी ताणलेली. दिवसभर वरून टपटप पडायचं, ते झाडून म्हातारी पोत्यात भरायची. आसपासचे भाजीवाले ते खत म्हणून न्यायचे, आणि त्यावर तिची चूल पेटायची. ता रूनचा चवळी-काकडीचा मळा तिच्या कुंपणाला लागूनच. तोही तिचंच खत घ्यायचा. वयानं ती थोरली म्हणून तो तिला 'बाँग' म्हणायचा आणि ती त्याला 'पऊन', म्हणजे धाकटा. भांडतानासुद्धा ह्यात कधी चूक व्हायची नाही.

"निम्म्या तुज्या कशा रं, पऊन?"

"बाँग, तुजी वटवाघळं रातच्याला चरत्यात कुठं? माज्या मळ्यात! किडं खात्यात कुनाचं? माजं! माज्याच किड्यांच्या लेंड्या तू मलाच इकतीस व्हय?"

"किडं तुजं?"

"माज्या चवळीचा पाला खाऊन पोसल्यात. मंग कुनाचं?"

"मंग दावणीला बांधायचं की! मोकळं कशाला सोडलंस?"

आम्ही हसलो. ता रून आणखी तापला. म्हातारीनं झाडू काखेत मारला.

"आनि ती चवळी कशावर पोसली? माज्या लेंड्यांवर. म्हंजे पाला माजा, किडं माजं, वटवाघळं तर माजीच. तुजं काय हाय त्यात?"

"पानी मी घालतो!"

"पानी नदीचं."

मग काय, सगळी वरात निघाली आचार सीमकडं. हा आचार म्हणजे आमच्या पॅगोडातला जाणता माणूस. लग्नं लावायची, मर्तिकं उरकायची, भांडणं मिटवायची आणि उरलेला वेळ ताडाखाली झोळीत झोपायचं. त्यानं दोघांचं ऐकून घेतलं, काठी उचलली आणि धुळीत रेघ ओढायला लागला. पाल्याकडून किड्याकडं, किड्याकडून वटवाघळाकडं, तिथून लेंडीकडं, लेंडीकडून परत पाल्याकडं. रेघ आली तिथंच येऊन मिळाली. आचार पुन्हा एक फेरी फिरला. मग उलट्या बाजूनं फिरला. शेवटी घेरी आल्यासारखा खाली बसला.

"ह्याला तोंड कुठलं आनि शेपूट कुठलं, तेच कळंना."

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "पाला तर उन्हावर वाढतो की."

"मंग थोरला वाटा सूर्याचा," आचारानं ताबडतोब निकाल दिला. "त्यो रोज वरनं वततो आनि एक दाना मागारी न्यायला येत न्हाई. ज्या दिशी मागायला यील त्या दिशी बगू. तवर जाळी जिची, लेंडी तिची. जावा आता, झोपू द्या."

ता रून तोंड फुगवून घरी गेला. त्यातच त्याच्या पोरीचं लग्न आलं. त्यानं भोंगे आणले आणि सगळ्यात मोठा भोंगा कुंपणापाशी बांबूवर चढवला. त्याचं तोंड नेमकं माडांकडं.

म्हातारी आली. "पऊन, लगीन झोकात कर. म्या बी नाचती. पर भोंग्याचं तोंड तेवडं नदीकडं फिरव. वरती लेकुरवाळी हायत माजी."

"बाँग, माज्या पोरीचं लगीन हाय. त्यांनी बी ऐकावं की गानं! फुकट हाय."

पहाट व्हायच्या आधीच भोंगा वाजायला लागला तो वाजतच राहिला. दुसऱ्या पहाटे वटवाघळं चरून परतली. माडांवर घिरट्या घातल्या, एक थवा झाला, आणि काळ्या धुरासारखी नदीच्या अंगाला निघून गेली. म्हातारी खाली झाडू धरून उभी होती. सकाळी तिनं जाळी तरीही झाडली. त्यात माडाचं एक फूल तेवढं होतं. ते तिनं पोत्यात टाकलं आणि पायरीवर बसून राहिली. भात शिजवला नाही, बोलली नाही. आमच्यातल्या बायकांनी प्राहोक, म्हणजे आंबवलेल्या मासळीचं कालवण, आणि भात नेऊन ठेवला, तर तिनं मांजराला घातला.

"झाला न्याय," ता रून म्हणाला. "तिचं बी न्हाई, माजं बी न्हाई."

पण किड्यांना आता कोणी विचारणारं उरलं नव्हतं. चवळीच्या पाल्याची चाळण झाली. खताविना काकडी पिवळी पडली. संध्याकाळी तर असा चिलटा-डासांचा मारा, की व्याही जेवायला आले ते एक घास खायचे आणि दोन थपडा स्वतःला हाणायचे. नव्या जावयानं सासऱ्याच्या टकलावर डास पाहिला आणि मोठ्या मायेनं अशी चपराक ठेवून दिली, की ता रूनचं नाक कालवणात गेलं.

दुसऱ्याच दिवशी आचार सीम आला. डोकं, खांदे, पाठ, सगळीकडं काळे ठिपके. वटवाघळं त्याच्या झोळीवरच्या ताडाच्या वाळक्या पानांत जाऊन राहिली होती.

"कुनाची हायत ती?"

"बाँगची!" ता रून म्हणाला.

"निम्मी त्याची," पायरीवरून म्हातारी म्हणाली. इतक्या दिवसांत तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं.

"म्या लेंड्या निम्म्या म्हनलो हुतो! वटवाघळं न्हाई!"

"अरं, लेंड्याच तर घिऊन आलोय!" आचार कडाडला. "आता ऐक. म्या माज्या ताडाची वाळकी पानं उतरवतो, त्यास्नी आता वटवाघळांचा वास लागलाय. तीच तू हिच्या माडांवर चढून बांधायची. आनि पाखरं परत येस्तवर तुजा आवाज भाईर पडता कामा नये. कुजबुजायचं. नाय तर तुजा सगळा मळा किड्यांच्या नावावर करून दे."

ता रून माडावर चढला. लुंगी एकीकडं, तो एकीकडं, पण पानं नीट बांधली. खालून म्हातारी एकेक गाठ सांगत होती. त्यानंतर गावावर अवकळा आली. ता रून कुजबुजतो हे बघून बायकोनं वैदूला बोलावलं. तो रेड्याच्या कानाशी लागून "चल रं, चल" म्हणायचा, तर रेड्याला वाटायचं काहीतरी गुपित आहे, आणि तो पुढचं ऐकायला तसाच उभा राहायचा. नदीपलीकडून माणूस आला, ता रून गेला का विचारायला.

पण ता रूननं शब्द पाळला. स्वतःचा कोंबडा टोपलीखाली घातला, आणि रोज झुंजूमुंजूला म्हातारीशेजारी जाळीपाशी येऊन गप उभा राहायला लागला. पहिल्या दिवशी तिनं पाठ फिरवली. मग एके दिवशी त्याच्या हातात गरम भाताचं पाणी दिलं.

अशाच एका पहाटे ती आली. आधी एक, मग चार, मग आभाळ भरून. माडांभोवती फेरे मारून एकेक पानात शिरायला लागली. म्हातारीच्या सुरकुत्यांतून पाणी वाहायला लागलं. आम्ही सगळे कुंपणाशी दाटलो होतो. ता रून जाळीच्या काठाशी मान मागं टाकून, आनंदानं तोंडाचा भला मोठा आ करून वर बघत होता.

टप्प.

त्याचे डोळे बाहेर आले. छाती भात्यासारखी फुगली. आता हा ओरडणार म्हणून अख्ख्या गावानं कानांत बोटं घातली. तेवढ्यात म्हातारीनं त्याचं मनगट घट्ट धरलं, वर पानांकडं बघितलं आणि हळूच म्हणाली,

"वरडू नगंस, पऊन. थुक. आनि तकडं कुठं वाकतूयास? हकडं, जाळीत थुक."