शून्याचा पाट

कापसानं दगा दिला त्या वर्षांत वऱ्हाडात शेतकऱ्यांसाठी पडदे लागले. अकोल्याहून तज्ज्ञ बोलायचे आणि मोर्शी, दर्यापूर, परतवाड्याला एकाच वेळी दिसायचे. हे तारांचं जाळं गुलनार अमरावतीत बसून सांभाळायची.

त्या सकाळी मोर्शीहून सत्यवतीबाईंचा फोन आला.

"पोरी, पडदा अडून अडून चालून राहिला व! मी संत्र्याची डिंक गळनारी साल घेऊन बसली. रोग कोनता ते आज समजलं नाही, तर आमचे हे दुपारी पन्नास झाडं तोडतेत. मानसं सांगून ठेवलेत."

"दहा मिनिटं द्या, काकू."

लग्नाचं वऱ्हाड उतरतं तो जानोसा एकच असतो. चित्राचंही तसंच. भेटीचा राउटर एक ठरतो. धाडणारा चित्र तिथं पोचवतो, मागणारे तिथंच ओंजळ धरतात. जानोसा होऊ पाहणाऱ्या राउटरांची नावं आणि त्यांच्या मानाचे आकडे अमरावतीचा राउटर गोळा करायचा आणि सगळ्यांना कळवायचा. मान अकोल्याचा होता, कारण तिथली तार दांडगी.

गुलनारनं यादी उघडली. सगळ्यात वर परतवाडा! तिथली तार सुतळीएवढी, आणि साऱ्या गावांचं चित्र तिच्यातून जाता जाता गुदमरत होतं.

परतवाड्याच्या देवरावांनी कालच नवा राउटर बसवला होता. तिनं त्यांना फोन लावला.

"बेटा, अकोल्याच्या कागदावरून मांडनी उतरवली. पन मान मोठ्याचा! त्यायचा आकडा दहा, म्हनून आपल्याले शून्य टाकलं. पंगतीत शेवटी बसलो."

गुलनारला हसू आवरेना. "काका, इथं लहान आकड्याले पयला पाट भेटते!"

"अरे बापा! म्हंजे मी नवरदेवाच्या पाटावर जाऊन बसलो? उठतो, उठतो!"

"बसा निवांत. मी दारावरच पाहते."

तिनं अमरावतीच्या राउटरला नेम घालून दिला: नाव घ्यायचं ते फक्त अकोल्याचं, दुसरं कुणी कितीही पुकारो. जुनी यादी पुसली. मग मोर्शीला फोन लावला.

पलीकडं आधी नुसती खरखर. मग तज्ज्ञांचा आवाज सलग वाहू लागला, पाटाच्या पाण्यासारखा: "डिंक खरवडा, बोर्डो मलम लावा..."

"हाच व हाच! अस्साच डिंक!" सत्यवतीबाई ओरडल्या. "झाड वाचते म्हनून राहिले सायेब!" लगेच आवाज दुसरीकडं वळला. "अवो, आयकलं का? त्या मानसायले सांगा, तोडाचं नाही म्हना. आलेच तर खरवडाले लावा!"

फोन ठेवायचं भान बाईंना नव्हतं. गुलनारलाही तो ठेववेना.