आम्ही की आपण

सुहासिनी गेल्याचा फोन आला तो शुक्रवार होता. सकाळी ती नेहमीसारखी कामावर गेली होती. तिच्या नवऱ्याने, ज्ञानेश्वरने, रिसीव्हर खाली ठेवला तोच बेल वाजली. दारात फासे आणि क्रिस्प्सची पाकिटं घेऊन तिची दर शुक्रवारची खेळायची मंडळी उभी : राजीव, अतुल आणि तनिषा.

"आज खेळ नाही," एवढंच तो म्हणाला. बाकीचं त्याला बसून सांगावं लागलं. अतुलने चहा केला. कोणी प्यायलं नाही.

उन्हाळ्यात ज्ञानेश्वरनेच त्यांना परत इंग्लंडातल्या मिल्टन कीन्सच्या घरी बोलावलं. "ती गुहेत पडलीय ना? बाहेर काढा तिला."

खेळ बोलण्याचा आणि फाशांचा. राजीव गोष्ट पुढे न्यायचा, बाकीचे आपापलं पात्र चालवायचे. सुहासिनीचं पात्र वैद्यीण होतं आणि शेवटच्या खेळात ती गुहेत बेशुद्ध पडली होती. तनिषाच्या जादूगारणीकडे एकच मंत्र उरला होता. कार्डावर इंग्रजीत लिहिलं होतं : पडलेल्या माणसाला उद्देशून 'वी गो होम' म्हणा, त्या 'वी'मध्ये जे येतात ते सगळे घरी पोचतात.

"पडलेला माणूस 'वी'मध्ये येतो का?" राजीवने विचारलं.

"ऑब्व्हियसली!" तनिषा म्हणाली.

"मग 'तुझ्यासकट' असं का नाही लिहिलं?" अतुल म्हणाला.

"तू चोर आहेस की वकील?"

"खेळात चोर, ऑफिसात टेस्टर. दोन्हीकडे फटी शोधतो."

ज्ञानेश्वर कंटाळला. "इंग्रजीत भांडून हे सुटणार नाही. मराठीत म्हणा. 'आपण' म्हटलं तर ती आली, 'आम्ही' म्हटलं तर राहिली."

राजीवला पटलं. "ठरलं. म्हण, तनिषा."

तनिषाचा जन्म इथलाच. तिने डोळे मिटले, हात पुढे केला आणि ठणकावून म्हणाली, "आम्ही घरी जातो!"

अतुलने कपाळावर हात मारला. "अगं, ठेवून आलीस ना तिला!"

"व्हॉट? मला ऑल ऑफ अस म्हणायचा होता! मी घरी असंच बोलते. 'आम्ही जेवूया' म्हटलं की सगळेच बसतात!"

"राजीव, तिच्या मनात काय होतं ते धर ना," ज्ञानेश्वर म्हणाला.

राजीव ओशाळला. "काका, नियम काकूंचाच आहे. तोंडातून गेलं ते गेलं. माझा राक्षस त्यांनी असाच, माझ्या एका चुकलेल्या शब्दावर मारला. मी हातापाया पडलो, तरी सोडलं नाही."

ज्ञानेश्वर कार्डाकडे बघत राहिला. मग त्याला हसू आवरेना. "मला तरी कुठे सोडलं? एकदा 'भांडी मी घासतो' असं बोलून गेलो, ते आजतागायत घासतोय."

तनिषाचे डोळे भरले होते, तीही हसली. "मग आता, काका?"

"आता काय! परत आत जायचं. मलाही एक पात्र द्या."

"भांडीवाला योद्धा," अतुल म्हणाला, आणि तेच ठरलं.

नंतर तनिषा युनिव्हर्सिटीत गेली, राजीवला स्लाऊला नोकरी लागली. वैद्यीण अजून गुहेतच आहे. तिला आणायला जायचं राहिलंय.