हंबीररावाच्या नावाचा टोल

मी एक जुनी घंटा आहे. देवळातली नव्हे आणि शाळेतलीही नव्हे. लोक तसं समजतात, म्हणून आधीच सांगून टाकते. मी हेळव्याची घंटा आहे. आणि मित्रांनो, मी जराशी तोंडाळ आहे, तेवढं सांभाळून घ्या. तोंड दाबून ज्यानं दिवस काढले, त्याला एकदा बोलायला मिळालं की तो लवकर थांबत नाही.

हेळवी म्हणजे घराण्यांची वंशावळ सांगणारा. कन्नड मुलखाच्या शिवेवरून हे लोक येतात आणि सुगी संपली की गावोगाव फिरतात. भावकीचा मूळपुरुष कोण, तो कुठून आला, त्याला मुलगे किती, त्यांचे मुलगे कोण, असं करत थेट आज अंगणात खेळणाऱ्या पोरापर्यंत म्हणून दाखवतात. नवी नावं दप्तरात लिहून घेतात. त्याबद्दल लोक सूपभर धान्य देतात, लुगडं-धोतर देतात, कधी एखादं वासरूही देतात. पूर्वी हेळवी बैलावर बसून यायचा आणि मी त्या बैलाच्या गळ्यात असायची. आता माझा मालक शिवाप्पा मोटरसायकलवर येतो आणि मी हँडलला लटकते. खड्डा आला की मी आपोआप वाजते. त्यामुळे कडेगावच्या रस्त्यानं आम्ही येतोय हे अर्ध्या तालुक्याला आधीच कळतं.

माझा जन्म अथणीच्या एका ओताऱ्याच्या भट्टीत झाला. शिवाप्पाच्या पणज्यानं गावोगावच्या बायकांकडून मोडीत काढलेली काशाची भांडी मागून आणली होती. कुणाची चीर गेलेली थाळी, कुणाची वाटी, कुणाचं माहेराहून आलेलं आणि चेपलेलं तसराळं. प्रत्येकावर त्या त्या बाईचं नाव कोरलेलं होतं. ती सगळी नावं वितळली आणि त्यातून मी झाले. पुढं माझ्या तोंडून कुणाची नावं गाजली म्हणाल, तर फक्त बाप्यांची. हा अन्याय मला पहिल्या दिवसापासून कळत होता, पण घंटेला विचारतो कोण?

आमच्या हेळव्याची एक रीत होती. तो नाव घ्यायचा आणि मागोमाग मी टोल द्यायचे. टोल पडला की तो वंश नांदता आहे असं समजायचं. ज्याच्यामागं कुणी उरलं नाही, त्याच्या नावाला मात्र हेळवी माझा लोलक मुठीत धरायचा आणि हलक्या आवाजात म्हणायचा, "चूल थंड." मग पुढचं नाव. लोलक म्हणजे माझी जीभच. ती कुणी मुठीत धरली की कसं वाटतं, हे तुम्ही आपली जीभ धरून बघा म्हणजे कळेल.

तशी मी पुष्कळदा गप्प बसले, कारण काही घरांत खरोखरच कुणी उरलेलं नसे. प्लेगात अख्खी घरं बसली, तिथं मी काय वाजणार? पण एक वेळ अशी आली की मला मुकाट राहणं सोसलं नाही.

ते मोठ्या लढाईचे दिवस होते. कडेगावजवळच्या जगदाळेवाडीतला हंबीरराव जगदाळे पलटणीत होता आणि परमुलखात लढताना पडला. घरी त्याची बायको दगडाबाई आणि तीन वर्षांची लेक रंगू. आम्ही वाडीत गेलो, तेव्हा हंबीररावाचा थोरला भाऊ लालासाहेब अंगणात बसला होता. शिवाप्पाचा आजा बसाप्पा वंशावळ म्हणत म्हणत हंबीररावाच्या नावापर्यंत आला आणि थांबला.

लालासाहेब म्हणाला, "त्येला ल्योक न्हाई. चूल थंड म्हणा आन् व्हा फुडं."

बसाप्पाला भावकीचं धान्य हवं होतं. त्यानं मूठ आवळली. उंबऱ्याशी आईच्या कडेवर बसलेली रंगू सगळं बघत होती. ती म्हणाली, "मी हाय की." लोक हसले. लहान पोर काहीतरी बोललं, म्हणून हसले. दगडाबाई हसली नाही. तिनं बसाप्पाकडं असं पाहिलं की माझा धातू गार पडला. त्याच वर्षी ती लेकीला घेऊन वाडी सोडून गेली. तिचा भाऊ दूर मद्रास मुलखात, सेलमला, गलाईचं दुकान चालवायचा, एवढंच लोकांना ठाऊक होतं. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. विट्या-कडेगावकडची कितीतरी माणसं त्या कामासाठी देशभर पांगली, आणि दगडाबाईही त्यांच्यात मिसळून गेली.

पुढं काय विचारता! हंबीररावाच्या नावाचा दगड वाडीच्या वेशीत बसला. दरवर्षी झेंडावंदनाला त्याला हार घालतात, पोरं घोषणा देतात. आणि आम्ही आलो की त्याच हंबीररावाच्या नावाला माझी जीभ धरली जाते. बसाप्पानं धरली, त्याच्या मुलानं धरली, शिवाप्पानंही धरली. शूर म्हणून मिरवायला हंबीरराव हवा, पण त्याची लेक नको. ह्या लोकांचं डोकं मला कधीच उमगलं नाही, आणि मला ते उमगून घ्यायचंही नाही.

दरम्यान माझे दिवसही पालटले. लोकांच्या घरी टीव्ही आला, मोबाईल आला आणि वंशावळ ऐकायला कुणाला वेळ उरला नाही. एक पुण्याचे गृहस्थ मला विकत घेऊन दिवाणखान्यात टांगायला निघाले होते. शिवाप्पानं नकार दिला, हे त्याचे माझ्यावर उपकार. मग गेल्या काही वर्षांत वारं फिरलं. जातीच्या दाखल्यासाठी जुन्या नोंदी शोधणाऱ्यांची रीघ लागली आणि हेळव्याला पुन्हा चहापाणी मिळू लागलं.

त्याच सुमाराला शिवाप्पाला सेलमहून एका मुलीचा फोन आला. नाव शिवांजली. ती तिथल्या कॉलेजात शिकवते. ती म्हणाली, "मी हंबीरराव जगदाळ्यांची पणती. आमची आज्जी अजून हाय. तुमी वाडीत कवा येणार, तेवढं सांगा."

त्या फोनमागं तिची दोन वर्षांची खटपट होती. पलटणीकडं पत्रं लिहून तिनं पणजोबांची नोंद मिळवली होती. आज्जीच्या जन्माची नोंद शोधायला ती आधी सांगलीला गेली आणि हात हलवत परतली. नंतर कुणीतरी सांगितलं की त्या काळी कडेगाव सातारा जिल्ह्यात होतं. मग ती साताऱ्याला गेली, मोडी वाचणारा गाठला आणि जुन्या बाडातून आज्जीच्या जन्माची ओळ काढून आणली. घराण्याचा माग काढणं म्हणजे काय असतं, ते मी हेळव्याची घंटा असून मला त्या पोरीनं दाखवलं.

आणि ऊसतोड उरकल्यावर आम्ही जगदाळेवाडीत पोचलो, तर आकाराम जगदाळ्याच्या अंगणात रंगूबाई खुर्चीत बसलेली. वय ऐंशीच्या पुढं, पाठ ताठ. शेजारी शिवांजली. वाडीतली पोरं त्या दोघींचं बोलणं ऐकून खुसखुसत होती, कारण त्यांची भाषा वाडीपेक्षाही जुनी होती. "उलीसं पानी द्या", म्हणजे थोडंसं पाणी द्या, असं आता वाडीतही कुणी म्हणत नाही. सेलममध्ये तमिळ बोलून दमल्यावर घरात ह्यांनी आपली बोली जशीच्या तशी जपली होती.

आकाराम हा लालासाहेबाचा मुलगा, म्हणजे रंगूबाईचा चुलतभाऊ, फौजेतून सुभेदार होऊन आलेला आणि आता भावकीचा कर्ता. त्यानं शिवांजलीचे कागद चष्मा लावून नीट वाचले आणि आदरानं परत दिले.

"हे समदं खरं हाय," तो म्हणाला. "म्या कवा न्हाई म्हणलं? आक्का, तुमी आलासा, लय बरं वाटलं. जेवा, ऱ्हावा चार दिस. पर वंशावळीत लेक घालायची रीत न्हाई."

"रीत कुणी घातली?" रंगूबाईनं विचारलं.

"वाडवडलांनी."

"माझा बाप बी त्यांच्यातलाच की रं. त्येला कुणी इचारलं?"

आकारामानं वेशीकडं हात केला. तो म्हणाला, "हंबीरकाकाचं नाव येशीतल्या दगडावर हाय, आक्का. समदी वाडी मान देती."

"दगडावर हाय, माणसांत न्हाई. मला माणसांत पायजे."

शिवाप्पा दोघांच्या मध्ये अवघडून बसला होता. "आवं आक्का," तो म्हणाला, "मी भावकीचा चाकर. भावकी म्हणंल तसं म्हणायचं."

आणि त्यानं वंशावळ सुरू केली. मूळपुरुष, टोल. त्याचे मुलगे, टोल, टोल. आवाज छान लागला होता, पण मला त्यात गोडी वाटेना. लालासाहेब, टोल. मग तो म्हणाला, "हंबीरराव," आणि त्याची मूठ माझ्या तोंडात आली.

"हंबीरराव, चूल..."

रंगूबाई उठली. काठी खुर्चीलाच राहिली. तिनं शिवाप्पाचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हातानं त्याची बोटं एकेक करून उलगडली. तिचे हात भाजल्याच्या जुन्या डागांनी भरलेले होते.

"थंड कुठली?" ती म्हणाली. "माझा मामा अंथरुणाला खिळला तवा माझ्या आयीनं त्येची भट्टी चालवली. बाई भट्टीवर बसती म्हणून लोकं हसली. ती बसली. मग मी बसले. माझी लेक बसली. आमच्या भट्टीवर चार घरं जेवली. आन् तुमी हितं दर सालाला म्हणताय, चूल थंड! कुणी हात लावून बघितला व्हता?"

आणि तिनं मला त्याच्या हातातून काढून घेतलं. मित्रांनो, हेळव्याशिवाय मला कुणी हात लावायचा नाही, अशी सक्त रीत. ती तिनं मोडली. ती म्हणाली, "हंबीरराव बाळकू जगदाळे," आणि मला वाजवलं. मी काय वाजले म्हणून सांगू! माझ्या कडा थरथरल्या, वळचणीची कबुतरं उडाली आणि चार घरं सोडून कुणीतरी विचारलं, काय झालं रं? मला लाज वाटली नाही, भीती वाटली नाही. मला राग आला होता आणि तो राग मी मनसोक्त वाजवला.

मग रंगूबाई खाली बसली आणि पदरानं तोंड पुसून म्हणाली, "आता च्या टाका कुनीतरी."

आकाराम मात्र लालबुंद झाला होता. "शिवाप्पा, दप्तर गुंडाळ," तो म्हणाला. "फुडच्या सालापासनं ह्या वाडीत पाय ठेवायचा न्हाई."

जगदाळेवाडी म्हणजे शिवाप्पाचं सगळ्यात मोठं गाव. तिथल्या धान्यावर त्याचं घर सहा महिने चालतं. तो खाली मान घालून बसला. मला वाटलं, आता हा मला घेईल, पिशवीत घालील आणि निघेल. त्याच्या बापानं आणि आज्यानं हेच केलं असतं.

पण शिवाप्पानं रंगूबाईपुढं हात केला. तिनं मला परत दिलं.

"मालक," तो आकारामाला म्हणाला, "माझ्या आज्यानं ही पोर जितीजागती उंबऱ्यात बघितली आन् चूल थंड म्हणलं. ते खोटं व्हतं. खोटी वंशावळ सांगायची आसंल, तर मला तुमचं धान्य नगं."

आणि त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. हंबीररावाला टोल पडला. पुढं तो जे म्हणाला, ते त्याच्या घराण्यात कुणी कधी म्हटलं नव्हतं. "हंबीररावाची लेक रंगूबाई." टोल. "रंगूबाईची लेक संयोगिता." टोल. "संयोगिताची लेक शिवांजली." टोल. शिवांजली कागद छातीशी धरून रडत होती. आकाराम उठला आणि कुणाकडं न बघता उसाच्या रानाकडं निघून गेला.

तेवढ्यात त्याची बायको सुलाबाई घरातून सूप भरून ज्वारी घेऊन आली. ती इतका वेळ दाराआड उभी होती. तिनं सूप शिवाप्पापुढं ठेवलं, पण हात काढला नाही.

"आमच्या मंगलचं बी नाव घ्या," ती म्हणाली. "मिरजंला दवाखान्यात नर्स हाय. माझ्या दोन ल्योकांची नावं घेतलासा, तिचं कवा घेतलं न्हाई."

"सुभेदार काय म्हणतील?" शिवाप्पानं विचारलं.

"त्ये रानात गेल्यात. तुमी नाव घ्या."

त्यानं घेतलं. मी वाजले. मग शेजारची आली, तिच्या मागं तिची जाऊ आली. अंधार पडेपर्यंत माझा आवाज बसायची वेळ आली, पण मी म्हटलं, आज नाही बसायचा.

सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. आकाराम अजून शिवाप्पाशी बोललेला नाही. भावकीतली निम्मी घरं म्हणतात की हेळवी बाटला. पुढच्या सुगीला वाडीत आमच्यासाठी किती दारं उघडतील, मला ठाऊक नाही. पण आम्ही जाणार आहोत.

तेव्हा मित्रांनो, माझं एवढं ऐका. मला चिंच लावून घासू नका, दिवाणखान्यात टांगू नका आणि काचेच्या पेटीत तर मुळीच ठेवू नका. मला जपायचं असेल, तर मला वाजतं ठेवा. तुमच्या दारात हेळवी आला, तर वंशावळ शेवटपर्यंत ऐका आणि मग विचारा, आमच्या ताईचं नाव कुठं आहे? लांब गेलेल्या आत्याचं कुठं आहे? थोरली माणसं डोळे वटारतील. हेळवी घुटमळेल. त्याची मूठ उघडायचं काम तेवढं तुम्ही करा, पुढचं मी बघून घेते.